आखूड दांड्याचा चमचा

चमचा फ्रिजखाली गेला, आणि दीक्षा फरशीवर आडवी पडून झाडूच्या दांड्यानं तो ओढायला लागली. बारा दिवस हेच चाललं होतं. संबोधी चमचा हातात घ्यायची, उलटसुलट करून बघायची, हिरड्यांखाली दाबायची, ताटलीवर ठण्‌ ठण्‌ वाजवायची आणि शेवटी फेकायची. खायची मात्र नाही. आणि न खाताही दिवसभर खुशीत असायची. सतरा महिन्यांची पोर सकाळच्या पेलाभर पेजेवर कशी जगते, हे दीक्षाला काही केल्या उलगडत नव्हतं.

उलगडत नाही ते लिहून काढायचं, ही तिची सवय. सांवेर रोडवरच्या औषधाच्या कारखान्यात ती लॅबमध्ये होती. गोळी पाण्यात टाकायची आणि ती किती मिनिटांत विरघळते ते घड्याळ लावून बघायचं. तसाच तक्ता तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखून फ्रिजला चिकटवला होता. तारीख, वेळ, काय दिलं, चमचा तोंडापर्यंत गेला का. बारा ओळी भरल्या होत्या आणि शेवटच्या रकान्यात बारा वेळा 'नाही' लिहिलेलं होतं.

आज रविवार. रजा आज संपत होती.

कारखान्यासमोरच्या गल्लीत एक झूलाघर होतं. पाळणाघराला इंदूरात झूलाघरच म्हणतात. तिथल्या बाईनं तोंडावर सांगितलं होतं, "मॅडम, चौदा बच्चे हैं और मेरे दो हाथ. जो अपने हाथ से चम्मच पकड़ के खाता है, उसी को रखती हूँ. सोमवार को खाने के टाइम लाओ, देख लेंगे." आणि गुरुवारी सासूबाईंच्या, भीमाबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन. तारीख तिसऱ्यांदा मिळालेली. पहिल्या दोन भीमाबाईंनीच मोडल्या होत्या, आणि दोन्ही वेळा कारण एकच दिलं होतं: "पोरगी माझ्या हाताशिवाय खात नाही, मी अ‍ॅडमिट होऊ कशी?"

हिशोब सरळ होता. संबोधीनं उद्या स्वतःच्या हातानं खाल्लं नाही, तर झूलाघर नाही. झूलाघर नाही, तर नोकरी नाही. नवऱ्याची, पंचशीलची, नोकरी जाईल का, हा प्रश्न घरात कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. पोर दोघांची असली तरी रजा एकीचीच संपते.

"जयभीम, जयभीम! कुठाय माझी राणी?"

सुनंदाआत्या महूहून सकाळच्या बसनं आल्या होत्या. दीक्षाच्या सासऱ्यांची, आनंदरावांची, धाकटी बहीण. सून, भावजय, शेजारीण, कुणालाही सल्ला द्यायचा असला की त्यांना बसचं तिकीट महाग वाटत नसे. आल्या आल्या त्यांनी दीक्षाच्या हातातला लाल सिलिकॉनचा चमचा चिमटीत उचलून बघितला.

"हे काय? खोडरबर?"

"ऑनलाइन मागवलाय आत्याबाई. मुलांचा स्पेशल असतो."

"असल्यानं कोण खाईल? हा बघ." पर्समधून मखमली डबी निघाली. "सराफ्यातून आणलाय, असली चांदी. पहिल्या घासाला चांदीच पाहिजे."

"पहिला घास होऊन वर्ष होत आलं."

"तर मग पहिल्या चमच्याला."

तेवढ्यात संघदीप गाडी लावून आत आला. पंचशीलचा धाकटा भाऊ, सांवेर रोडवरच एका टूलरूममध्ये फिटर. हातात वर्तमानपत्राची पुडी.

"भाभी, ये देख. पंचेचाळीस डिग्री मारलाय. मनगट न वळवता घास तोंडात."

पुडीतून एक वाकवलेला चमचा निघाला. दांड्यावर काळं रबर चढवलेलं.

"ही सायकलची ग्रिप आहे?"

"नवीन आहे. धुतलीय."

दीक्षाला हसू आलं, आणि हसता हसता रडू येईल अशी भीतीही वाटली. ती उठली आणि तिनं हॉलमध्ये दरी, म्हणजे सतरंजी, अंथरली. टेबलाला चारच खुर्च्या होत्या, आणि आज सगळ्यांच्या देखत एकदाचं काय ते व्हावं असं तिला वाटत होतं.

स्वयंपाकघराच्या दारात भीमाबाई उभ्या होत्या. एक हात चौकटीवर, डावा गुडघा किंचित वाकलेला.

*

आनंदरावांनी ट्रंक उघडली तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण घरात चमच्यांची चर्चा चालू असताना आपण गप्प बसावं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. या घरात चमच्याबद्दल कुणाला काही कळत असेल तर ते त्यांना.

त्यांचे वडील विष्णू बावीस वर्षं महूतल्या फौजेच्या एका मेसमध्ये काटेचमचे घासत होते. राख, मग चुन्याची पूड, मग फ्लॅनेल. चमच्यात आपलं नाक दिसलं पाहिजे, म्हणायचे. त्या चमच्यांनी कोण काय खायचं ते त्यांना पाठ होतं. ते स्वतः मागच्या दाराशी उकिडवे बसून पानावर हातानं खायचे. पुढे आनंदराव फौजेत लागले, आणि मेसच्या कंडम मालाच्या लिलावात त्यांनी पहिल्या पगारातून त्यातलेच सहा चमचे घेतले. जाड स्टीलचे, जड. घरी आणून वडिलांपुढे ठेवले, म्हणाले, बाबा, आता यानं खा. वडिलांनी एक चमचा उचलला, खिडकीकडे धरला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि जागेवर ठेवला. मग हात धुऊन भाकरी मोडली.

ते सहा चमचे तेव्हापासून फ्लॅनेलमध्ये होते. त्यातला सगळ्यात लहान आनंदरावांनी आज बाहेर काढला.

"सरका," ते म्हणाले. "याची एक पद्धत असते. संबोधी! इकडे बघ. चमचा उजव्या हातात. कोपर खाली. घास तोंडाकडे आणायचा, तोंड ताटाकडे न्यायचं नाही."

संबोधीनं आजोबांकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं आणि तो डाव्या हातानं घेतला.

आनंदरावांनी तो काढून उजव्या हातात दिला. तिनं डाव्यात घेतला. त्यांनी परत उजव्यात दिला. ती परत डाव्यात.

"लेफ्टी आहे, पापाजी," दीक्षा म्हणाली.

"फौजेत लेफ्टी नसतो."

"फौजेत डायपर पण नसतो पापा," संघदीप म्हणाला.

सोफ्यावर मोबाईल बघत बसलेला पंचशील खो खो हसला. आनंदरावांना राग आला नाही. उलट त्यांना गंमत वाटत होती. एवढीशी पोर, तिला कुणी डावं-उजवं सांगितलेलं नाही, आणि तरी तिचं तिला पक्कं ठाऊक. हे येतं कुठून?

"पोर छळू नका," भीमाबाई दारातून म्हणाल्या. "आणा इकडे. मी भरवते."

"मम्मीजी, नको."

"बारा दिवस झाले नको नको."

"वैनी बरोबर बोलतात," सुनंदाआत्या म्हणाल्या. "आपल्या पोरांना कुणी चमचे शिकवले होते? मोठी झालीच ना? घोड्यासारखी झालीत."

"तू चांदीचा घेऊन आलीस ना सुनंदा?" आनंदराव म्हणाले. "का आणलास?"

"तो शोकेसमध्ये ठेवायला."

"शोकेसमध्ये ठेवायचे माझ्याकडे सहा आहेत," आनंदराव म्हणाले. त्यांचा आवाज अचानक चढला होता. "चाळीस वर्षं ठेवलेत. दीक्षा बरोबर आहे. शिकव गं तिला. मी आहे."

दीक्षानं सासऱ्यांकडे चमकून बघितलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यांनी आजवर तिची बाजू कधी घेतली नव्हती. पण ही बाजू आपली की त्या चमच्याची, हे तिला नक्की ठरवता येईना.

*

मशीन बंद पडलं की टूलरूममध्ये सगळे ओरडतात. सुपरवायझर ऑपरेटरवर ओरडतो, ऑपरेटर मेंटेनन्सवर ओरडतो. संघदीप तेव्हा उलटी बादली घेऊन मशीनसमोर बसतो आणि नुसतं बघतो. आत्ताही तो तसाच दरीवर पालथा झाला, हनुवटी हातावर टेकून, पोरीच्या डोळ्यांच्या पातळीला.

"चारही ठेवा तिच्यासमोर. आणि कुणी बोलू नका. पाच मिनिटं. प्लीज, यार."

चार चमचे ओळीनं ठेवले. लाल, चांदीचा, वाकडा आणि आजोबांचा. ताटलीत वरणभात, तूप घालून घट्ट कालवलेला.

संबोधीनं चांदीचा उचलला. मानेला धरला, म्हणजे जिथं दांडा संपून खोलगट भाग सुरू होतो तिथं. भातात खुपसला, वर आणला. मागे राहिलेला लांब दांडा तिच्या छातीला टेकला, मनगट वळलं, चमचा उलटा झाला, भात मांडीवर पडला. तिनं चमचा टाकला. लाल उचलला. परत मानेलाच. परत तेच. संघदीपचा वाकडा तर तिनं उचलून ग्रिपच चावली.

"सुसर कुठली," संघदीप प्रेमानं म्हणाला.

पण त्याला दुसरंही काही दिसत होतं, आणि ते जास्त कुतूहलाचं होतं. भात सांडला तर मूल चिडतं. ही चिडत नव्हती. सांडलेल्या शितांशी बोटानं खेळत होती. तुपाचा वास नाकाशी होता तरी ढुंकून बघत नव्हती.

"भाभी, सकाळी हिनं काय खाल्लं?"

"आठ वाजता नाचणीची पेज, पेल्यानं."

"आता सव्वा वाजला. पाच तास. आणि हिला भूक नाही? मशीन ठीक आहे, भाभी. पण मोटर फिरत नाहीये. आधीच कुठून तरी..."

"अरे, अकराला मम्मी देते ना थोडंसं," पंचशील मोबाईलवरून डोळे न काढता म्हणाला.

मग त्यानं डोळे काढले.

दीक्षा इतक्या हळू बोलली की ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "काय देते?"

"नाही, मतलब... थोडा दहीभात. तू गच्चीवर कपडे वाळत घालायला जातेस तेव्हा."

"रोज?"

पंचशीलनं मोबाईल सोफ्यावर उलटा ठेवला.

"तुला माहीत होतं? पहिल्या दिवसापासून?"

"म्हटलं थोडंसं तर असतं. उगाच घरात किटकिट नको..."

घरात किटकिट नको. पंचशील विमा कंपनीत होता, दिवसभर लोकांना धोके समजावून सांगायचा. आणि घरी आला की धोका बायकोच्या अंगावर ढकलून सोफ्यावर बसायचा, आणि याला तो शांत स्वभाव म्हणायचा. बाकीचेही तेच म्हणायचे. शांत आहे हो मुलगा.

दीक्षानं फ्रिजवरच्या तक्त्याकडे बघितलं. बारा 'नाही'. सगळे खरे. फक्त अकरा वाजताचा रकानाच तिनं आखला नव्हता.

"वैनी!" सुनंदाआत्या गर्रकन वळल्या. मघाशी ज्यांची बाजू घेतली त्यांच्याकडेच त्यांनी बोट केलं. "बारा दिवस? चोरून?"

*

चोरून. हा शब्द भीमाबाईंना झोंबला. आपल्याच घरात, आपल्याच नातीला, आपल्याच हातानं लावलेलं दही. यात चोरी कसली?

"हो. दिलं," त्या म्हणाल्या. "वाटीभर. रोज. काय म्हणणं आहे?"

"मम्मीजी, उद्या तिनं खाल्लं नाही तर माझी नोकरी जाते. तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग?"

"मग तू घरी राहिली असतीस. मी घरी राहिले असते. गुडघा गेला उडत."

"आणि मी? माझं काय? मी बारा दिवस या फरशीवर लोळले. मला वाटलं पोरीत काही कमी आहे. रात्री मोबाईलवर शोधत होते, मुलाला चमचा धरता येत नसेल तर कुठला आजार असतो. तुम्ही शेजारच्या खोलीत होता."

हे भीमाबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला. थोडा वेळ त्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत राहिल्या. मग चौकट सोडून, लंगडत, दरीच्या कडेला येऊन खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. मनगटाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा चट्टा होता, जुना, पांढरट.

"हा कशाचा, विचारलंत कधी? यांनी नाही विचारलं. पोरांनी नाही. सहा वर्षांत तू नाही."

"भाजलं असेल, वाटलं."

"भाजलंच आहे. माहेरी, गौतमपुऱ्याला. सात वर्षांची होते मी. एका पटेलाच्या घरचं लग्न होतं. आम्हाला अंगणाच्या बाहेर बसवलं, गोठ्याच्या कडेला. वाढणारा आला, त्याच्या हातात पळी. तिचा दांडा एवढा." त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. "का एवढा? तर तो आमच्याजवळ यायला नको म्हणून. वरून वरण सोडलं. पानात कमी, हातावर जास्त. मी ओरडणार तर आईनं तोंड दाबलं. म्हणाली, खा."

संबोधी चांदीचा चमचा लाल चमच्यावर आपटत होती.

"तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात कुणी कुणाला लांबून वाढणार नाही. तुम्हा दोघांना मी हातानं भरवलं. पाचवीत जाईपर्यंत. हिलाही भरवते. ती माझी बोटं चाटते ना, तेव्हा..." त्या थांबल्या. पुढचं त्यांना सांगायचं नव्हतं. "आणि तुम्ही चार-चार दांडे मांडून बसलात तिच्यासमोर. म्हणे पद्धत."

आनंदरावांनी मान खाली घातली. अडतीस वर्षं ते त्या हातानं केलेलं खात होते.

दीक्षानं तो चट्टा नीट बघितला. पण तिचा राग गेला नाही, आणि तिनं तो गेल्याचं दाखवलंही नाही.

"मम्मीजी," ती म्हणाली, "ती पळी दुसऱ्याच्या हातात होती. हा चमचा तिच्या हातात आहे."

भीमाबाईंनी पुढे केलेला हात पदराखाली घेतला.

"तिला कुणी काही वरून सोडणार नाही," दीक्षा म्हणाली. "तिला पाहिजे ते तीच उचलेल. तिथं झूलाघरात तुम्ही नसणार, मी नसणार. उद्या तिचं तोंड दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघत बसावं असं वाटतं तुम्हाला?"

सुनंदाआत्या म्हणाल्या, "बोलते बाकी चोख." कुणाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

"पण मम्मीचं एक बरोबर आहे," संघदीप म्हणाला. "फॉल्ट दांड्यातच आहे."

"तू गप रे," आनंदराव म्हणाले.

"नाही पापा, ऐका तर. दादा, उठ. तुझं प्रायश्चित्त." त्यानं स्वयंपाकघरातून आमटीची सगळ्यात लांब पळी आणली आणि वरणाच्या पातेल्यासकट पंचशीलपुढे ठेवली. "दांडा नाही धरायचा. मानेला धर. अशी. आणि आता खा."

"काय फालतूगिरी आहे?"

"खा!" दीक्षा म्हणाली.

पंचशीलनं पळी मानेला धरली. दांडा त्याच्या बरगडीला टोचला. त्यानं कोपर उचललं, पळी कलली, आणि कोमट वरण थेट रविवारच्या पांढऱ्या कुर्त्यावर ओघळलं. संबोधी टाळ्या पिटायला लागली. सुनंदाआत्यांनी तोंडाला पदर लावला.

"हेच," संघदीप म्हणाला. "तिचा हात एवढासा. चमचे सगळे आपल्या हाताचे. ती मानेलाच धरणार, कारण तिला तिथंच पकड मिळते. दांडा बोटभर पाहिजे. बस्स. पेटीत हेक्सॉ आहे. पण कापू कुठला?"

"चांदीला हात लावून बघ," सुनंदाआत्या म्हणाल्या.

"रबराचा उपयोग नाही, लवतो. माझ्याचा खोलगट भाग मोठा झालाय, तिच्या तोंडात जाणार नाही."

उरला एकच. सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या आणि सगळ्यांनी त्या लगेच दुसरीकडे वळवल्या.

आनंदरावांनी तो उचलला. खिडकीकडे धरला. सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"काप," ते म्हणाले.

"अहो," भीमाबाई एकदम म्हणाल्या. दर दिवाळीला ते फ्लॅनेल उन्हात त्याच घालत. "मामंजींचा आहे तो."

"बाबांनी घासला. तोंडाला कधी लावला नाही. मी विकत घेतला, मीही नाही लावला." त्यांनी चमचा संघदीपच्या हातात दिला. "काप रे. कडा नीट घास. तिला लागता कामा नये."

मागच्या अंगणात करवतीचं पातं चालायला लागलं. आनंदराव शेवटपर्यंत तिथं उभे राहिले. कापलेला तुकडा त्यांनी खिशात टाकला.

आत दोघींनी करार केला. दीक्षा म्हणाली, चार वाजेपर्यंत पोरीला कुणी काही द्यायचं नाही, पाणी सोडून. भीमाबाई म्हणाल्या, चार वाजता तिनं नाही खाल्लं तर मी भरवणार, आणि मग मला कुणी एक शब्द बोलायचा नाही. दीक्षा म्हणाली, ठीक. पोर खाईपर्यंत आपणही जेवायचं नाही, असं भीमाबाईंनी स्वतःपुरतं जाहीर केलं. मग लाजेकाजेनं सगळेच थांबले. फक्त सुनंदाआत्या अधूनमधून डब्यातली सेव तोंडात टाकत होत्या, आणि शुगरचं कारण सांगत होत्या.

*

चारला दहा कमी असताना संबोधी दीक्षाचा कुर्ता ओढून रडायला लागली. खरं, पोटातून येणारं रडणं. दीक्षानं वरण उकळायला ठेवलं. ताजा भात कालवला, निवू दिला. पोरीला पाटावर बसवलं, ताटली ठेवली, आणि ताटलीशेजारी तो चमचा. बोटभर दांड्याचा, कडा कानशीनं घासून पॉलिश पेपरनं गुळगुळीत केलेल्या. उकळत्या पाण्यातून दोनदा काढलेला.

पंचशीलनं मोबाईल उभा धरला.

"ठेव तो," दीक्षा म्हणाली. "एकदा तरी डोळ्यांनी बघ."

त्यानं ठेवला.

भीमाबाई खुर्चीवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या. हात मोकळे ठेवले तर ते आपोआप पुढे जातील, हे त्यांना माहीत होतं.

संबोधीनं हुंदका दिला. चमचा घेतला, डाव्या हातात. पूर्ण दांडा तिच्या मुठीत मावला. तिनं तो चेहऱ्यासमोर धरला आणि रडणं विसरली. आत कुणीतरी होतं, उलटं. तिनं मान वाकडी केली. आतल्यानंही केली.

मग तिनं चमचा भातात खुपसला. रिकामाच वर आला. परत खुपसला. दोन शितं. तिनं त्या दोन शितांकडे बघितलं, आणि तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली. ही आठी थेट दीक्षाची होती, गोळी वेळेत विरघळली नाही की पडणारी.

आणि मग तिनं जे केलं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं उजव्या हातानं भात उचलला, मूठभर. तो चमच्यात ठेवला. बोटानं दाबला. आणि डाव्या हातानं चमचा तोंडात घातला.

निम्मा गेला, निम्मा हनुवटीवर. ती चावायला लागली.

आनंदरावांचे ओठ 'उज...' एवढं म्हणून मिटले. परत भात हातात, हातातून चमच्यात, चमच्यातून तोंडात. संघदीपला हे बघून वेड लागायची पाळी आली. एका कामाला दोन हात आणि एक अवजार, कुठल्याही सुपरवायझरनं नापास केलं असतं. पण काम होत होतं.

"हातानं भरवते की," भीमाबाई पुटपुटल्या. "चमच्यालाच भरवते."

सात-आठ घास झाले. मग संबोधीनं चमचा भरला, शीग लावून भरला, आणि वळून आजीकडे धरला.

"आजीला देते!" सुनंदाआत्यांचे डोळे भरून आले. "बघा, बघा, आजीला देते!"

भीमाबाई वाकल्या. गुडघा कळवळला तरी वाकल्या. तोंड उघडलं. चमचा जवळ आला, ओठांपासून बोटभर अंतरावर थांबला. संबोधीनं आजीच्या तोंडात डोकावून बघितलं. डावीकडे दोन दात नव्हते, ती जागा तिनं लक्ष देऊन बघितली. मग चमचा वळवला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

भीमाबाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं.

पहिल्यांदा संघदीप फुटला, मग सगळे. सगळ्यात शेवटी भीमाबाई, आणि त्यांचं हसणं सगळ्यात जास्त वेळ चाललं. खोकला लागला तरी थांबेना.

"लबाड," त्या म्हणाल्या. "आजीला दाखवून खाते. अस्सल लबाड."

दीक्षानं पानं मांडली. पहिलं ताट तिनं भीमाबाईंपुढे ठेवलं. भात, लिंबाची फोड, वरून वरण, वाफ येणारं. भीमाबाईंनी घास घेतला आणि जिभेला चटका बसून त्या थबकल्या. वर्षभर त्या, पोरीचं झाल्यावर, उरलेलं, गार खात आल्या होत्या. वरण असं लागतं हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा. मध्ये कुणाकडे बघितलं नाही.

"गुरुवारी किती वाजता जायचंय?" ताटाकडे बघतच त्यांनी विचारलं.

"सातला."

"आणि तिथं मला कोण भरवणार?"

"ऑपरेशन गुडघ्याचं आहे, मम्मीजी," दीक्षा म्हणाली. "हात आहेत ना तुम्हाला?"

सुनंदाआत्यांची सेव तोंडाशी थांबली. पंचशीलनं नव्या कुर्त्याची बाही चाचपली. भीमाबाईंनी मान वर करून सुनेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, जसं मघाशी संबोधीनं त्यांच्या तोंडात बघितलं होतं.

"वरण वाढ," त्या म्हणाल्या. "गरम आहे तोवर."

दीक्षानं पातेलं जवळ ओढलं. पळी लांब दांड्याची होती. तिनं ती मानेला धरली, ताटावर पार खाली वाकली, आणि वाढलं.